घरातल्या घरात फाइल इतकी मंद का जाते?

‘आमच्याकडे २०० ची जोडणी आहे, तरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत छायाचित्रे पाठवायला रात्र का जाते?’ निवृत्तीनंतर आप्तेष्टांकडून मला वारंवार विचारला जाणारा हा प्रश्न आहे. वाचकहो, त्याचे पहिले उत्तर असे की, ते २०० घराबाहेरच्या रस्त्याचे माप आहे. घरातील दोन यंत्रांमध्ये फाइल जाते, तेव्हा ती इंटरनेटवर जातच नाही; राउटरपर्यंत येऊन तेथूनच परत वळते. म्हणून अधिक महागडी योजना घेतल्याने हे दुखणे बरे होत नाही. खर्च मात्र दरमहा वाढतो.

दुसरी गल्लत एककाची. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, संगणक मेगाबाइटमध्ये दाखवतो. आणि ८ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. हिशेब तपासण्याआधी दोन्ही खाती एकाच चलनात आणावीत, एवढे बँकेतील कोणताही कारकून सांगेल.

गेल्या वर्षी मेहुण्यांच्या निधनानंतर माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी हा हिशेब अगदी निकडीचा झाला. त्यांच्या लॅपटॉपमध्ये पंधरा वर्षांची छायाचित्रे व चित्रफिती, एकूण सुमारे १८० गिगाबाइट. डिस्क मधूनच टकटक आवाज करू लागली होती, म्हणजे तिचा भरवसा उरला नव्हता. वास्तविक अशा वेळी वायफायच्या वाटेला न जाता बाह्य डिस्क थेट जोडावी, हेच माझे मत. परंतु यूएसबीच्या खाचा निकामी झालेल्या, आणि त्या सडपातळ लॅपटॉपला केबलची खाचच नव्हती. उरला बिनतारी मार्ग. पडद्यावर वेग दिसत होता सेकंदाला ३ मेगाबाइट. या गतीने साडेसोळा तासांहून अधिक. डिस्क तितका काळ तग धरेल, याची खात्री कोण देणार?

तेव्हा नकलेचे काम थांबवून मार्गाचा एकेक टप्पा स्वतंत्रपणे तपासला. लॅपटॉप आणि जुना मेजावरचा संगणक, दोन्ही वायफायवर होते. अशा वेळी प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. (केवळ एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर बसवल्यानेही हेच घडते. रेंज वाढल्याच्या समाधानात ते कुणाच्या ध्यानी येत नाही.) संगणक केबलने राउटरला जोडताच ३ चे जवळजवळ ६ झाले.

लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता. हा पट्टा भिंतीतून लांबवर पोहोचतो, पण तेथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह, सारे तेथेच. आणि एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. लॅपटॉप राउटरच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या आडोशातून बाहेर आणून ५ गिगाहर्ट्झवर घेतला. वेग ११ वर गेला आणि तेथेच खिळला.

खिळलेला आकडा बोलका असतो. गर्दीमुळे मंदावलेला वेग खालीवर होत राहतो. एकाच आकड्यावर ठाण मांडणारा वेग बहुधा एखाद्या ठाम मर्यादेला टेकलेला असतो. ११ हा तर १०० मेगाबिटच्या जोडणीचा ठरलेला आकडा. विंडोजमध्ये केबलच्या जोडणीची स्थिती पाहिली, तर तेथे १००० ऐवजी १०० लिहिलेले! काही राउटरांच्या खाचाच १०० च्या असतात, पण येथील खाच १००० ची होती. दोष केबलचा होता. १००० साठी आठही तारा शाबूत लागतात. एखादी तुटली तरी यंत्रे गुपचूप १०० वर उतरतात आणि काम चालूच राहिल्याने कुणाला संशय येत नाही. दुसरी केबल लावली आणि वेग २८ वर पोहोचला. साडेसोळा तासांचे काम पावणेदोन तासांच्या आवाक्यात आले.

हा वेग चित्रफितींचा. हजारो लहान छायाचित्रे जाताना तो पुन्हा घसरतो, कारण प्रत्येक फाइल उघडणे, नोंदणे, मिटवणे हा स्वतंत्र व्यवहार असतो. एकच मोठी रक्कम मोजणे आणि तितकीच चिल्लर मोजणे यांतला तो फरक. तेथे नेटवर्कला दोष देऊ नये. संशय राहिलाच तर ‘आयपर्फ’ ही मोफत आज्ञावली दोन्ही यंत्रांवर चालवावी. ती डिस्कला हात न लावता केवळ जोडणीचा वेग मोजते.

नक्कल करण्यासाठी विंडोजमधीलच ‘रोबोकॉपी’ वापरली. मध्येच खंड पडला तर ती पूर्ण झालेल्या फाइली वगळून पुढे जाते आणि न आलेल्या फाइलींची नोंद ठेवते. डिस्क आजारी असल्याने आधी छायाचित्रे घेतली, चित्रफिती नंतर. शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या व आकार ताडून पाहिला. ११ फाइली कमी भरल्या. पुनःपुन्हा प्रयत्न केल्यावर त्यांतल्या ९ मिळाल्या, दोन मिळाल्या नाहीत. त्या दोहोंची नावे बहिणीने कागदावर लिहून ठेवली आहेत.