रिकामं कोण?

आमच्या वस्तीच्या कट्ट्यावर आम्ही तिघं बसतो. एक बी.ए. होऊन चार वर्षं एमपीएससीचे फॉर्म भरतोय. दुसरा दहावीत गचकला. तो पहाटे नाक्यावर उभा राहतो. काम लागलं तर लागलं, नाही तर अकराला परत कट्ट्यावर. तिसरा मी, पदवी ट्रंकेत ठेवून बसलेला. माझी बारावी झालेली बहीण कट्ट्यावर कधीच दिसत नाही. नळाची रांग, धुणं, आईचं दुखणं यात तिचा दिवस संपतो.

शिकत नाही, कमवत नाही, प्रशिक्षणही घेत नाही, अशा तरुणांचा एक रकाना सरकारी आणि जागतिक कागदांत असतो. लोक आम्हाला सरळ रिकामटेकडे म्हणतात. पण सगळे एकसारखे रिकामे आहेत काय?

२०२४ साली निघालेल्या भारत रोजगार अहवालात २०२२ चे आकडे आहेत. तरुण पदवीधरांत बेकार २९.१ टक्के. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत फक्त ३.४ टक्के. लगेच गादीवरचे शेठ म्हणणार, बघा, शिकून वाया गेले! थापा आहेत. नोकरीची वाट बघत बसायलासुद्धा घरात पीठ लागतं. ज्याच्या घरात पीठच नाही तो गटारात उतरतो, वाळू उपसतो. वर्षात महिनाभर असलं काम मिळालं, की मोजणीत तो कामवाला. त्याची भूक कुठल्याच रकान्यात येत नाही.

आणि बहीण? त्याच अहवालात या रकान्यातल्या पोरींचं प्रमाण पोरांच्या जवळजवळ पाचपट आहे. दिवसभर राबणारी बाई कागदावर रिकामी! पुरुषांनी केलेला हिशेब आहे हा.

आता आपल्याच घरातली घाण काढू. मोर्चा काढतो आपण 'सुशिक्षित बेकारां'चा. ठराव पदवीधर लिहितो, भाषण पदवीधर ठोकतो. नाक्यावरचा पोऱ्या सतरंज्या उचलतो. बहिणीला तर बैठकीचा निरोपही जात नाही. उतरंडीविरुद्ध लढणाऱ्यांनी मार्कशीटची नवी उतरंड रचली. मीही रचली. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी दगा दिल्याची खंत बोलून दाखवली होती. ती आपल्यालाही लागू आहे दोस्तांनो.

म्हणून पुढच्या मोर्चात मागणी एक नको, तीन हव्यात. पदवीधराला कंत्राटदाराच्या दारात उभं न करता राखीव जागांची पक्की भरती. नाक्यावरच्याला रात्रशाळा आणि पोट भरेल एवढ्या भत्त्यासह आयटीआय. बहिणीला घरात नळ, वस्तीत पाळणाघर आणि पुढचं शिक्षण. तिन्ही मागण्या एकाच फलकावर. आणि भाषण या खेपेला नाक्यावरच्यानं करायचं, बहिणीनं करायचं. सतरंज्या आम्ही पदवीवाले उचलू.

शिका, असं बाबासाहेब म्हणाले. शिकून आपल्याच भावाबहिणीपासून लांब बसा, असं नव्हते म्हणाले.