आत्मपरीक्षण म्हणजे आरोपपत्र नव्हे

‘जरा आत्मपरीक्षण कर.’ नवऱ्याच्या माराची तक्रार करणाऱ्या बाईला हा सल्ला आजही हमखास मिळतो. सासूकडून मिळतो, माहेरच्या भावाकडून मिळतो, समेट घडवायला बसलेल्या चार जाणत्यांकडून तर मिळतोच. ऐकायला किती शहाणपणाचा! पण त्याचा अर्थ एवढाच असतो की, तुझं काय चुकलं ते तू शोध. मारणाऱ्याला मात्र असं परीक्षण करायला कोणी बसवत नाही.

मैत्रिणींनो, आत्मपरीक्षण हा चांगला शब्द आहे. तो आपण परत ताब्यात घ्यायला हवा.

मी तळेगाव दाभाडे आणि आजूबाजूच्या मावळातल्या गावांत बायकांबरोबर काम करते. एमआयडीसीत कंत्राटावर जाणाऱ्या बाईच्या भाड्याच्या खोलीत असो की गावठाणातल्या जुन्या घरात, एक वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं: ‘ताई, मला आधीच वाटलं होतं.’ साखरपुड्यातच मनात पाल चुकचुकली होती. सह्या घ्यायला दीर कागद घेऊन आला, तेव्हाच पोटात खड्डा पडला होता. बाई हे खालच्या आवाजात, ओशाळून सांगते. कारण पुढचा प्रश्न तिला पाठ असतो: ‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’

खरं आत्मपरीक्षण इथून सुरू होतं. प्रश्न फक्त बदलायला हवा. ‘माझं काय चुकलं?’ याऐवजी ‘मला काय कळलं होतं, आणि ते खोटं आहे असं मला कोणी पटवलं?’ असं विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अपराधीपणात संपतं. दुसऱ्याचं उत्तर शोधताना घर, नातं, पैसा, इज्जत या सगळ्यांचे हिशेब उघडे पडतात.

बायकांना म्हणे उपजतच सहावं इंद्रिय असतं. मला हे कौतुक मान्य नाही. ज्याच्या मर्जीवर आपलं जेवणखाण अवलंबून, त्याच्या पावलांचा आवाज ओळखायला माणूस शिकतोच. चप्पल कशी काढली, ताट कसं सरकवलं, यावरून संध्याकाळ कशी जाणार हे बाईला कळतं. अंतर्मन म्हणजे अशा हजारो बारीक नोंदींची साठवण. ती दैवी नाही, पण कमी प्रतीचीही नाही. पुरुषाला धंद्यात असं कळलं की आपण त्याला अनुभव म्हणतो. बाईला कळलं की मात्र तो संशयी स्वभाव ठरतो!

१९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात वाचली गेली. सासरी होणारी घुसमट तिनं त्यांत मांडली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या पतीची निर्दोष मुक्तता केली. कायद्याची बाजू तिथं संपली. पण तिच्या जिवाला जे जाणवत होतं, त्याची दखल ती जिवंत असताना घेतली गेली असती तर? हा प्रश्न आपल्या सगळ्यांसाठी उरला. नारी समता मंचानं त्यावर उभ्या केलेल्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘मी एक मंजुश्री’. त्यातला ‘मी’ महत्त्वाचा. दुसरीचं मरण बघताना स्वतःच्या जगण्याकडे बघायला लावणारं, तेही कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता, असं ते आत्मपरीक्षण होतं.

आता दुसरी बाजू. आतला प्रत्येक आवाज आपलाच असतो असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी, काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य ठरतं, असं सांगितलं. हेही त्यांच्या आतूनच आलं ना? मुलीनं जातीबाहेरचा जोडीदार निवडला की आईच्या ‘मनाला पटत नाही’, तेही आतूनच. आणि मन चिंती ते वैरी न चिंती, हा अनुभव कोणाला नाही? म्हणून आतल्या आवाजालाही विचारायचं: तू माझ्या अनुभवातून बोलतोयस, भीतीतून, की मला लहानपणापासून शिकवलेल्या धड्यातून? प्रामाणिकपणा तो हाच. आणि उत्तर लाजिरवाणं निघालं तरी स्वतःला फटके न मारता ते ऐकून घेणं, ही करुणा. सबब सांगून स्वतःला सोडून देणं म्हणजे करुणा नव्हे. जिवाभावाची मैत्रीण रडत आली तर तिला आपण जसं जवळ बसवून खरं विचारू, तसं स्वतःला विचारणं.

हल्ली लोणावळ्याकडे सुट्टीच्या दिवशी पैसे भरून ‘आतला आवाज ऐका’ अशी शिबिरं होतात. शांत बसण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिथंच थांबण्याला. आतला आवाज म्हणाला, ‘हे घर तुझ्यासाठी सुरक्षित नाही’, तर बाईनं जायचं कुठं? शिबिराकडे याचं उत्तर नसतं. उत्तर काही प्रमाणात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आहे. २००६ पासून लागू झालेल्या या कायद्यानं शाब्दिक आणि मानसिक छळालाही हिंसा मानलं, राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी नेमायला लावले. म्हणजे अंगावर वळ उठेपर्यंत थांबायची गरज नाही.

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला मुलाखतीची नोंद लिहिताना समोरची काय बोलली याबरोबर ‘मला काय वाटलं’ तेही लिहायला लावत. ही सवय प्रत्येक गटात यावी. बचतगटाचा हिशेब झाला की दहा मिनिटं ठेवा. या महिन्यात मनात पाल कधी चुकचुकली? कशावरून? मी काय केलं, आणि काय करणं मला शक्यच नव्हतं? लिहिता येत नसेल तर बोला. ऐकणारीनं सल्ला द्यायचा नाही, ‘तेव्हाच का नाही’ असं तर मुळीच विचारायचं नाही.

आणि समुपदेशन केंद्रांत, पोलीस ठाण्यांत, समेटाच्या बैठकांत बसणाऱ्यांना एवढंच सांगणं: आत्मपरीक्षणाचा सल्ला द्यायचाच असेल, तर सुरुवात हात उगारणाऱ्यापासून करा. बाईला तिचं मन केव्हाच काय ते सांगून चुकलेलं असतं. तुम्ही फक्त ते ऐकायला शिका.