वीस वर्षांची ओम्नी आणि कुंभार्ली घाट

"आता ती गाडी विकून टाका." हे वाक्य आमच्याकडे दर रविवारी फोनवरून येतं. कधी पुण्याहून, कधी बंगळुरूहून. सगळ्यांची काळजी खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवर ते धड सांगता येत नाही (मध्येच कुणीतरी "जेवलात का?" विचारतं), म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

गाडी २००६ ची मारुती ओम्नी. हे मॉडेल कंपनीनं २०१९ साली बंद केलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटच्या खाली, त्यामुळे उन्हाळ्यात बूड चांगलं शेकून निघतं. मागची सीट दुमडली आणि वर फळी टाकली की दोघांपुरती गादी मावते. पाण्याचे दोन कॅन, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे, एक छोटी शेगडी, आणि डब्यात बेदाणे. तासगावचा माणूस बेदाण्याशिवाय बाहेर पडला तर लोक तब्येत विचारतील.

आता घाटाचं. "एवढी जुनी गाडी घाटात नेता?" असं विचारणाऱ्यांनी मला एक सांगावं, घाटात गाडीचं नक्की काय म्हातारं होतं? चढाला ओम्नी दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत चढते, पण चढते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, सामानाचं वजनही मागेच, त्यामुळे पकड चांगली मिळते. खरी परीक्षा उतारावर असते. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ट्रक ड्रायव्हर सांगत आणि ते शंभर टक्के खरं आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे नव्या कोऱ्या गाडीतही ब्रेक तापवतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. अशा ओल्या ऑइलला उतारावर लवकर उकळी फुटते आणि पायाखालचं पेडल मऊ पडतं. मी ते दर दोन वर्षांनी बदलतो, टायर त्याआधी बघतो. विचारायचंच असेल तर हे विचारा ना. गाडीचं वय काय विचारता!

दुसरी गोष्ट कायद्याची. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आमच्याकडे "सगळ्या जुन्या गाड्या भंगारात" अशी पोचली. आपल्याकडे तसं नाही. पंधरा वर्षांनंतर गाडी तपासून नोंदणी पाच-पाच वर्षांनी पुढे नेता येते, पर्यावरण कर भरावा लागतो. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांचं दहा हजार झालं. महाग आहेच. पण दहा हजारांत आम्हा दोघांना लॉजमध्ये किती रात्री काढता येतील, हिशेब करा. शिवाय लॉजचा जिना. हिच्या गुडघ्यांना तो किती मानवतो ते तुम्हाला माहीत आहे.

आणि आम्ही जातो तरी कुठे? विट्यावरून कराड, पाटण, कोयनानगर, मग हेळवाकहून कुंभार्ली उतरून पोफळीला. सव्वाशे-दीडशे किलोमीटरची वाट. निघताना आमचा कोरडा मुलूख, जिथे हवा कोरडी म्हणूनच बेदाणा वाळतो. पोचतो तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कराडला कोयना कृष्णेला मिळते, ते पाणी पूर्वेला येतं आणि उपसा योजनांतून आमच्या द्राक्षांपर्यंत पोचतं. त्याच कोयनेचं धरणात अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेऊन पोफळीत वीज करतात. ही फाटाफूट ताशी ऐंशीच्या वेगात कळत नाही. चाळीसच्या वेगात, मध्येच "अहो, थांबवा जरा" म्हणणारं माणूस शेजारी असेल तर कळते.

पावसाळ्यात मात्र आम्ही जात नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता वाहून गेला. डोंगर सुटला की खालच्या गाडीचं मॉडेल कोणतं, हे तो बघत नाही. तेव्हा काळजी करायची तर जुलै-ऑगस्टची करा, आमच्या ओम्नीची नको.

हिची स्वतःची तक्रार वेगळीच आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती म्हणते, गाडी जुनी की नवी हा पुरुषांचा विषय. मला रात्री कुठे थांबणार आणि तिथे संडास आहे का, एवढं सांगा. खरंय. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. घरासारख्या सजवलेल्या गाड्या, त्या उभ्या करायला खास पार्क, अशी कल्पना. वाईट नाही. पण आमच्यासारख्यांना पार्क नको. घाटाच्या माथ्याला आणि पायथ्याला एक दिवा, एक नळ आणि दाराला कडी असलेला स्वच्छ संडास द्या, आम्ही पैसे देऊ. ट्रकवालेही देतील, एसटीतल्या बायकाही दुवा देतील. सध्या आम्ही देवळाच्या आवारात विचारून थांबतो, नाहीतर उजेडातल्या पेट्रोल पंपावर. कुणी नाही म्हणत नाही. पण साठी ओलांडलेल्या बाईनं दुपारपासून पाणी कमी प्यायचं, हा काही प्रवास नव्हे. माण-खटावकडचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणात उतरत आले. त्यांच्या बायकांची हीच अडचण कुणी कधी लिहून ठेवली असेल का, असा विचार तेव्हा मनात येतो. असो.

तर नूतनीकरणाचे पैसे मी भरणार आहे. पुढचं ब्रेकचं काम दसऱ्याआधी होईल, दिवाळी झाली की निघू. चिपळूणपर्यंत जायचा विचार आहे, तेव्हा कुणाला कोकम, आमसुलं हवी असतील तर आधी कळवा. आणि बंगळुरूकरांनी गाडीचं गिऱ्हाईक शोधणं तेवढं थांबवावं.