मिशरी हे मंजन नव्हे, तंबाखू आहे!

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की बहुतेक मावश्या आणि आज्या ठामपणे "नाही" म्हणतात. "मिशरी लावता का?" असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "हां, मिशरी लावते की! दात घासायला काहीतरी लागतंच ना." म्हणून मी हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारतो. आपल्याकडे तंबाखू हे व्यसन मानलं जातं आणि मिशरी ही स्वच्छता. हा गैरसमज हजारो बायकांचे दात आणि काहींचा जीव घेतो आहे.

मिशरी म्हणजे तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. तिच्यात दात स्वच्छ करणारं काहीही नाही. भाजल्याने तंबाखूतलं विष जळून जात नाही, उलट भाजताना आणखी घातक रसायनं तयार होतात. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीपर्यंत कुठला कायदा पोहोचणार? तिच्या डबीवर ना कर्करोगाचं चित्र असतं, ना इशारा.

मिशरीच्या बाजूने जे नेहमी सांगितलं जातं, ते एकेक करून पाहू.

"मिशरी लावली की दात दुखायचे थांबतात."
दुखणं दबतं, रोग तसाच राहतो. निकोटिनमुळे हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून हिरड्या सुजल्या तरी रक्त कमी येतं. हिरडीतून येणारं रक्त ही रोगाची पहिली सूचना असते आणि मिशरी नेमकी तीच दाबते. आतल्या आत हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आधार देणारं हाड झिजतं आणि दात हलू लागतो. मग ठणका वाढतो आणि पुन्हा मिशरी लागते.

"मिशरीशिवाय पोट साफ होत नाही."
हे खरं आहे, पण हाच व्यसनाचा पुरावा आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं आणि शरीराला त्याची सवय लागते. साध्या मंजनाने कोणाचं पोट अडलेलं ऐकलं आहे का?

"आम्ही गिळत नाही, चूळ भरून टाकतो."
निकोटिन तोंडाच्या नाजूक आवरणातूनच रक्तात जातं, गिळावं लागत नाही. नाडी आणि रक्तदाब वाढतो. गरोदर बाईने मिशरी लावली तर निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. बाळ कमी वजनाचं किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

"आमची आजी नव्वद वर्षं जगली, रोज मिशरी लावायची."
जगली असेल. पण ज्या पन्नाशीत तोंडाच्या कर्करोगाने गेल्या, त्या आपली बाजू मांडायला उरलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूर न होणाऱ्या तंबाखूलाही माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. मिशरी त्यातच मोडते.

आता घरातल्या बाकीच्यांना सांगतो. मिशरी लावणाऱ्या बाईला नावं ठेवू नका. तिला ती आठ-दहा वर्षांची असताना घरातल्याच कोणीतरी दिलेली असते, दाढ दुखत होती म्हणून. बाजारातून तंबाखू आणून देणारे बहुधा घरातले पुरुषच असतात. मुलाला महागडी पेस्ट आणि आईला मिशरी, ही वाटणी आपण चालवून घेतो. आईची दाढ दुखते तेव्हा तिला दाताच्या डॉक्टरकडे नेण्यापेक्षा डबी भरून देणं स्वस्त वाटतं. ते स्वस्त नाही, त्याचं बिल फक्त उशिरा येतं.

मिशरी कशी सोडाल?

- सोडण्याची तारीख ठरवा, घरात सांगा आणि त्या दिवशी डबी घरातून काढून टाका.
- पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं घ्या. गरज पडली तर रात्री इसबगोल घ्या. हा त्रास साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो.
- तलफ आली की बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवा. सुपारी नको, सुपारीनेही कर्करोग होतो.
- एकट्याने जमत नसेल तर १८०० ११ २३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा. तलफ कमी करणारी औषधंही आहेत, डॉक्टरांना विचारा.

दात कशाने घासाल?

मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी पेस्ट पुरते. मोठ्यांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटं घासा. रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि कीड जोर धरते. मिशरी, राखुंडी, वीटकरीची पूड, जाड मीठ यांनी दात चमकल्यासारखे वाटतात, पण वरचं आवरण झिजतं. मधुमेह असेल तर हिरड्या जास्त जपा. हिरड्यांचा रोग साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते.

वाट पाहू नका

आज आरशासमोर उभे राहा आणि गाल, जीभ, हिरड्या, ओठांची आतली बाजू पाहा. आईचं, आजीचं तोंडही उजेडात बघा. पुढीलपैकी काहीही दिसलं तर तपासून घ्या:

- दोन आठवड्यांत न भरणारी जखम
- पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
- तिखट अजिबात सहन न होणं
- तोंडात उभी तीन बोटं न मावणं
- गाठ, किंवा कारण नसताना हलणारा दात

तिशीपुढच्या सर्वांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. लवकर सापडला तर तो बरा होऊ शकतो.

आणि एक विनंती. घरातल्या लहान मुलीची दाढ दुखली तर तिच्या बोटावर मिशरी ठेवू नका. ही परंपरा तुमच्या घरात तुमच्यापाशीच थांबू द्या.