मंडई परिसरातील चर्चच्या नोंदी आणि पासवर्ड सांभाळण्याबाबत जाहीर आवाहन

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या चर्चच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याची रीत जुनी आहे. पुण्याच्या गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय, म्हणजेच पंचहौद चर्च, १८८५ साली उभे राहिले. जवळची मंडई १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झाली. त्या काळापासून पेठांमधील मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या पिढ्या अशा वह्यांत नोंदल्या जात आल्या आहेत. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे मंडळीला ठाऊक असे. आज सभासदांची यादी संगणकात, देणग्यांचा हिशेब मोबाइलवर आणि पत्रव्यवहार एका सामाईक ईमेलवर असतो. त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. ती किती जणांकडे आहे, हे मात्र अनेकदा कोणालाच सांगता येत नाही.

या माहितीत काय काय असते, याचा विचार क्वचितच होतो. पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर असतात. देणगीदारांनी दिलेले पॅन असतात, संडे स्कूलच्या मुलांची छायाचित्रे असतात. सर्वांत नाजूक असतात त्या प्रार्थना-विनंत्या. कोणाचे ऑपरेशन आहे, कोणाचा मुलगा व्यसनात अडकला आहे, कोणाचा संसार मोडायला आला आहे, हे माणूस विश्वासाने पाळकांना कळवतो. पैसे गेले तर कधी परत मिळतात. हे शब्द एकदा बाहेर पडले की परत येत नाहीत. म्हणून अशा विनंत्या नाव-गाव घालून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत.

ऑनलाइन हल्ल्याचा तडाखा पुण्याने पाहिला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ तारखेला सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यातील बहुतेक रक्कम बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून निघाली. चर्चवर इतका मोठा हल्ला होण्याचे कारण नाही. तिथे चोर साध्या वाटेने येतो. पाळकांच्या नावाने आणि फोटोने संदेश येतो, ‘तातडीची मदत हवी आहे’, आणि भाविक माणूस खातरजमा न करता पैसे पाठवतो. दानपेटीवरच्या क्यूआर कोडवर दुसराच कोड चिकटवता येतो. चर्चचे नाव आणि स्थापनेचे साल जोडून केलेला पासवर्ड तर कोणीही ओळखेल.

उपाय खर्चिक नाहीत. पासवर्ड लांब असावा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडलेला, आणि प्रत्येक खात्याचा वेगळा. ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणी लावावी. फोनवर आलेला ओटीपी पाळकांनी मागितला तरी देऊ नये. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे वयस्कर सभासदांना समजावून सांगावे. सेक्रेटरी किंवा खजिनदार बदलले की कार्यभाराबरोबर पासवर्डही त्याच दिवशी बदलावेत. नेमके हेच राहून जाते, कारण जुन्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. यात अविश्वास नाही. दप्तर सोपवण्याचाच तो भाग आहे. नोंदींची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवून ती उघडते का, हे अधूनमधून पाहावे.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फसवणूक झाल्यास लाजेखातर गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधीच ती गोठवता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे, आणि ज्यांची माहिती गेली त्या सभासदांना स्पष्ट सांगावे.

परिसरातील प्रत्येक चर्चच्या कमिटीने येत्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसून आपल्या सर्व खात्यांची यादी करावी, कोणाकडे कोणता पासवर्ड आहे ते पाहावे आणि उठण्यापूर्वी ते सगळे बदलावेत, ही कळकळीची विनंती.