तीन ‘लीन’

मराठी कानाला ‘लीन’ म्हटलं की विठ्ठलाच्या पायांवर टेकलेलं डोकं दिसतं. इंग्रजांचा ‘लीन’ वेगळ्या घरचा. त्याचा अर्थ कलणं, आणि त्या एका शब्दावर त्यांचं बरंच भागतं. आपल्याकडे मात्र भिंत कलते, फांदी लवते, म्हातारा काठीला टेकतो, जावईबापू तक्क्याला रेलतात आणि मत कुणाकडे तरी झुकतं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून पाहा, जावईबापू कलंडायचे!

इंग्रजीत याच स्पेलिंगचा दुसरा ‘लीन’ म्हणजे अंगावर चरबी नसलेला. दोघे दिसायला जुळे, अर्थ मात्र वेगळे. १९९० साली वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या पुस्तकानं टोयोटाच्या कारखान्यातली ‘लीन’ पद्धत जगभर नेली. वाया जाणारं काढून टाका, हा विचार चांगलाच. मराठीत त्याला ‘काटक’ म्हणता आलं असतं. पण पुष्कळांनी त्यातलं ‘माणसं कमी करा’ एवढंच उचललं. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि लाखभर माणसं बाहेर पडली. शाखा काटक झाल्या नाहीत, रोडावल्या. (बँकेत आयुष्य काढलेल्याचं हे मत, ते कुठे कलणार हे उघड आहे.)

तिसरा ‘लीन’ खास बँकेतला. त्याचं स्पेलिंग निराळं, पण काउंटरवर उच्चार सर्रास तोच. फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन, अर्थ बंधन. ठेवीवर कर्ज घेतलं की ठेवीवर ‘लीन’ लागतं. पूर्वी ही गाठ ग्राहकाच्या डोळ्यांदेखत, त्याची सही घेऊन बसे. काउंटरवर कोपर टेकून ‘साहेब, हे काय लिहिलंय?’ असं विचारता येई.

आता भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गालगतच्या कामथडीला (थडी म्हणजे काठ, आणि इंग्रजीत नदीकाठालाही बँकच म्हणतात) तांदूळ विकणाऱ्या एखाद्याची कल्पना करा. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून पाचशे रुपये दिले. ते कुठल्या तरी सायबर फसवणुकीतून फिरत आलेले निघाले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक त्याच्या खात्यातल्या तेवढ्या रकमेवर ‘लीन’ लावते. कधी खातंच गोठतं. मोबाइलवर इंग्रजीत एक ओळ येते. वाचून घेतली तर शब्द कानाला ओळखीचा, अर्थ मात्र लागत नाही. फसवल्या गेलेल्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. ज्यानं नुसता तांदूळ विकला, त्यानं कुणाला विचारायचं?

छापील अर्ज स्थानिक भाषेतही असावेत, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मग पैसे अडवल्याचा निरोप तेवढा इंग्रजीत का? ‘तुमचे पाचशे रुपये अमुक पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून अडवले आहेत, अमुक कागद घेऊन शाखेत या,’ एवढं मराठीत लिहायला एक मिनिट पुरतं. आणि तो शाखेत येईल तेव्हा काउंटरच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं हवं.