लाल प्रकाशाने सुरकुत्या जातात का?

लाल एलईडी मास्क ऑनलाइन मागवला की आता गोंदियातही घरपोच येतो. त्याचा दावा अगदीच पोकळ नाही. ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना देतो, कोलॅजन वाढते आणि काही आठवड्यांत बारीक सुरकुत्या थोड्या कमी दिसू शकतात. थोड्याच! लाल रंगाचा साधा बल्ब मात्र या कामाचा नाही.

गडद त्वचेला या प्रकाशाची मात्रा कमीच सोसते; जास्त झाली तर काळे डाग पडू शकतात. शिवाय भाताच्या बांधीत दिवसभर राबणाऱ्यांची त्वचा अतिनील किरणांनी लवकर सुरकुतते. तिथे दुपट्टा, सनस्क्रीन आधी. चेहऱ्यावर वांग असेल, तर मास्क घेण्यापूर्वी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घेणे स्वस्त पडेल.